प्रोसेसर स्थिर ठेवायचा तर व्होल्टेज कुठे, किती आणि कसं लावायचं

बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, व्होल्टेजसमोर 'ऑटो' लिहिलेलं दिसलं की ती प्रोसेसर बनवणाऱ्या कंपनीनंच ठरवलेली सेटिंग आहे, असा बहुतेकांचा समज असतो. खरं तर ती मदरबोर्ड बनवणाऱ्यानं ठरवलेली असते, आणि त्याचे हिशेब वेगळे असतात. त्याला बेंचमार्कमध्ये आपला बोर्ड दुसऱ्या कंपनीच्या बोर्डापेक्षा दोन आकडे पुढे दिसायला हवा असतो. शिवाय कितीही सुमार चिप बसवली तरी मशीन पहिल्या झटक्यात सुरू व्हायला हवं असतं. दोन्हींवर सोपा उतारा एकच: थोडं जास्त व्होल्टेज आणि सैल सोडलेली पॉवर लिमिट, म्हणजे चिपनं किती वॉट ओढायचे याची मर्यादा.

याचे परिणाम गेल्या काही वर्षांत दोनदा जगजाहीर झाले. एप्रिल २०२३ मध्ये रायझन ७००० मालिकेतले एक्स३डी प्रोसेसर सॉकेटसकट जळाल्याचे फोटो फिरू लागले. मेमरीचं एक्स्पो प्रोफाइल, म्हणजे तिला जास्त वेगावर चालवणारी तयार सेटिंग, लावलं की काही बोर्ड एसओसी व्होल्टेज (चिपमधल्या मेमरी कंट्रोलरच्या भागाला मिळणारं) गुपचूप वर ढकलत होते. एएमडीनं नव्या बायोसमधून ते १.३ व्होल्टवर अडवलं. मग २०२४ मध्ये इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर होऊ लागले. इंटेलनं चार कारणं सांगितली. त्यातलं पहिलं होतं मदरबोर्डांनी ओलांडलेली पॉवर मर्यादा, आणि उरलेली मायक्रोकोडमधल्या (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांमधल्या) चुकांशी आणि जास्तीच्या व्होल्टेज मागणीशी जोडलेली होती.

या दुसऱ्या प्रकरणातली मेख नीट समजून घ्या, कारण पुढची प्रत्येक पायरी तिच्यावर उभी आहे. प्रत्येक कोअरला (प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे गणित करणारा भाग) एखाद्या फ्रिक्वेन्सीवर चालायला किमान काही व्होल्टेज लागतं. त्याहून कमी मिळालं की गणित चुकतं आणि मशीन कोसळतं. आणि बराच काळ जास्त व्होल्टेज व उष्णता सोसली की ती किमान गरजच वर सरकते. काल १.२५ व्होल्टवर निवांत चालणाऱ्या चिपला आज त्याच वेगासाठी १.३० लागतं. म्हणजे स्थिरतेसाठी व्होल्टेज वाढवत राहणं हा आजचा क्रॅश उद्यावर ढकलण्याचा उद्योग आहे. डेस्कटॉप स्थिर करताना माझा कल म्हणूनच नेहमी खाली यायचा असतो, वर जायचा नाही.

दोष व्होल्टेजचाच आहे का?

सगळ्यात आधी बॅकअप. अस्थिर प्रोसेसर चुकीचा डेटा डिस्कवर लिहू शकतो, त्यामुळे चाचण्या सुरू करण्यापूर्वी महत्त्वाच्या फाइली दुसरीकडे हलवा.

मग विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडा आणि सिस्टिम लॉगमध्ये 'डब्ल्यूएचईए-लॉगर', म्हणजे हार्डवेअरच्या चुकांच्या नोंदी, शोधा. आयडी १९ म्हणजे हार्डवेअरची चूक झाली पण दुरुस्त झाली. आयडी १८ म्हणजे चूक झाली आणि मशीन पडलं. नोंदीत 'प्रोसेसर कोअर' असं लिहून एपिक आयडी (थ्रेडचा क्रमांक) दिलेला असेल तर तो लिहून ठेवा. एका कोअरला दोन थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे दोन धागे) असतील तर साधारणपणे त्या आकड्याला दोननं भागलं की कोअरचा क्रमांक मिळतो, शून्यापासून मोजून. आयडी ६ असेल तर कोअर क्रमांक ३. दोन चिपलेटच्या (गणनेचे दोन वेगळे तुकडे असलेल्या) रायझनवर मधले काही आकडे गाळलेले असतात आणि इंटेलच्या छोटे ई-कोअर असलेल्या चिपवरही आकड्यांचा क्रम वेगळा असतो, तिथे हा भागाकार डोळे मिटून करू नका. 'कर्नल-पॉवर ४१' एकट्याच्या जिवावर काहीच सांगत नाही. मशीन नीट बंद झालं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

निळ्या पडद्यावर 'क्लॉक वॉचडॉग टाइमआउट' किंवा 'डब्ल्यूएचईए अनकरेक्टेबल एरर' आलं तर संशय प्रोसेसरवर जातो. मोठी झिप फाइल उलगडताना सीआरसीची (फाइल बिनचूक आहे का ते तपासणाऱ्या आकड्याची) चूक येणं, गेम सुरू होताना शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार होण्याच्या टप्प्यावरच बंद पडणं, ग्राफिक्स कार्डाची मेमरी भरपूर असताना ती संपल्याचा संदेश येणं, ही १३व्या-१४व्या पिढीच्या बिघडलेल्या चिपची ओळखीची लक्षणं आहेत. लोक ग्राफिक्स कार्ड बदलून मोकळे होतात आणि दोष जागेवरच राहतो.

आता मेमरीचं एक्सएमपी (इंटेलकडचं तसंच प्रोफाइल) किंवा एक्स्पो बंद करून मशीन मूळ वेगावर काही दिवस वापरा. क्रॅश थांबले तर गुन्हेगार मेमरी किंवा मेमरी कंट्रोलर आहे, कोअर व्होल्टेज नाही. रात्रभर मेमटेस्ट८६ हा मेमरी तपासणारा प्रोग्राम चालवलात तर शंका बरीच कमी होते. जोर लावताच मशीन निळा पडदा न दाखवता थेट बंद होत असेल तर पॉवर सप्लाय आणि कूलर तपासा. कूलरच्या तळाची प्लॅस्टिकची फिल्म काढायची राहून गेलेली मशीनं अजूनही सापडतात.

बायोस अद्ययावत करा, मग मर्यादा लावा

व्होल्टेजला हात लावण्याआधी नवा बायोस टाका. १३व्या-१४व्या पिढीसाठी हे ऐच्छिक नाही. ऑगस्ट २०२४ च्या ०एक्स१२९ मायक्रोकोडनं १.५५ व्होल्टच्या वरची मागणी रोखली. सप्टेंबरमधल्या ०एक्स१२बी नं मशीन निवांत किंवा हलक्या कामात असताना होणारी जास्तीची मागणी आवरली, आणि २०२५ मध्ये ०एक्स१२एफ आला. तुमच्याकडे कोणता आहे ते एचडब्ल्यूइन्फो या हार्डवेअरचे आकडे दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या पहिल्या खिडकीत 'एमसीयू' समोर दिसतं. हे मायक्रोकोड पुढची झीज रोखतात, झालेली झीज भरून काढत नाहीत.

बायोस टाकल्यावर 'लोड ऑप्टिमाइज्ड डिफॉल्ट्स' करा आणि पुन्हा आत जाऊन पाहा. इंटेलच्या बोर्डावर 'इंटेल डिफॉल्ट सेटिंग्ज' नावाचं प्रोफाइल दिसेल, ते निवडा. असुसच्या बोर्डावरचं मल्टीकोअर एन्हान्समेंट (सगळ्या कोअरना जास्त वेगावर ढकलणारी सोय), आणि इतर कंपन्यांनी त्याच कामाला दिलेली भारदस्त नावं, बंद करा. पॉवर लिमिटमध्ये ४०९५ वॉट दिसलं तर ती मर्यादा नव्हेच. कोअर आय९-१४९००के ची मूळ पॉवर १२५ वॉट आणि कमाल टर्बो (वाढीव वेगाची) पॉवर २५३ वॉट आहे, आणि करंटच्या मर्यादेचा आकडा, म्हणजे आयसीसी-मॅक्स, ४०० अँपिअरच्या वर कधीच नसावा. साधा हवेचा कूलर असेल तर मी दोन्ही पॉवर लिमिट खुशाल १८० ते २०० वॉटच्या आसपास ठेवीन. गेममध्ये फरक जवळपास जाणवत नाही, तापमान मात्र चांगलंच उतरतं. पंखे ओरडायचे थांबतात हा वरचा फायदा.

रायझनवर पीबीओ (प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह, मर्यादा सैल करणारी सोय) 'ऑटो' ऐवजी 'डिसेबल्ड' करा, म्हणजे चिप स्वतःच्या मूळ मर्यादेत येईल. नंतर कर्व्ह ऑप्टिमायझरसाठी, म्हणजे रायझनच्या व्होल्टेज उतरवण्याच्या सोयीसाठी, ते 'अॅडव्हान्स्ड' करावं लागेल, पण पायाभूत नोंदी मूळ मर्यादेतच घ्यायच्या.

बऱ्याच जणांचं काम इथेच संपतं. मशीन आता स्थिर असेल आणि तापमान पटण्यासारखं असेल, तर पुढचं सगळं सोडून द्या.

पायाभूत नोंदी

एचडब्ल्यूइन्फो फक्त सेन्सर दाखवण्याच्या पद्धतीत उघडा, सिनेबेंच आर२३ ही वेग मोजणारी चाचणी दहा मिनिटं चालवा आणि लिहून ठेवा: गुण, कमाल तापमान, पॅकेज पॉवर, भाराखालचा व्हीकोअर (कोअरचं व्होल्टेज) आणि प्रत्येक कोअरचा 'इफेक्टिव्ह क्लॉक' (प्रत्यक्ष वेग). नंतर मशीन अर्धा तास साध्या ब्राउझिंगला वापरा आणि व्हीकोअरचा 'मॅक्सिमम' रकाना बघा. सगळ्यात उंच व्होल्टेज बहुधा इथेच सापडतं, कारण एकदोन कोअर कमाल वेगावर उड्या मारत असतात.

व्हीआयडी आणि व्हीकोअर यांची गल्लत करू नका. व्हीआयडी म्हणजे प्रोसेसरनं मागितलेलं व्होल्टेज, आणि व्हीकोअर म्हणजे बोर्डानं मोजलेलं. काही बोर्ड ते चिपपाशी मोजतात, काही सॉकेटपाशी. सॉकेटपाशी मोजणाऱ्या बोर्डावर भाराखालचा आकडा प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसतो. दुसऱ्याच्या बोर्डावरचा आकडा आपल्या बोर्डावर जसाच्या तसा लावण्यात म्हणूनच अर्थ नसतो.

लोडलाइन: खरी गडबड इथे असते

भार आला की व्होल्टेज खाली बसतं. याला व्हीड्रूप म्हणतात, आणि तो दोष नसून मुद्दाम ठेवलेली सोय आहे. भार अचानक सुटतो तेव्हा व्होल्टेज क्षणभर उसळतं, आणि आधीच थोडं खाली असेल तर ती उसळी धोक्याच्या रेषेपर्यंत पोचत नाही.

ही घसरण ठरवणाऱ्या लोडलाइनचा रोध १.१ मिलिओहम आणि करंट २०० अँपिअर धरला तर २२० मिलिव्होल्ट घसरण होते. प्रोसेसरला हे ठाऊक असतं, म्हणून 'एसी लोडलाइन' या सेटिंगमध्ये सांगितलेल्या रोधाप्रमाणे तो आधीच तेवढं वाढवून मागतो. आता बोर्डानं एलएलसी (लोडलाइन कॅलिब्रेशन, घसरण कमी करणारी सेटिंग) कडक लावून खरा रोध ०.५ मिलिओहमवर आणला, पण एसी लोडलाइन १.१ च ठेवली, तर? प्रोसेसर २२० मिलिव्होल्ट जास्त मागणार, घसरण होणार फक्त १००, आणि उरलेले १२० मिलिव्होल्ट विनाकारण चिपच्या अंगावर. बायोसमध्ये व्होल्टेजचा रकाना 'ऑटो'वरच असतो, कुणी काही बदललेलं नसतं, आणि तरी चिप भाजत असते. उलटही घडतं. तापमान छान दिसावं म्हणून काही बोर्ड एसी लोडलाइन फारच खाली ठेवतात आणि थोडी कमकुवत चिप कारखान्याच्या सेटिंगवरच कोसळते.

म्हणून एलएलसी मधल्या पातळीवर ठेवा. सगळ्यात कडक पातळी, जिच्यात भाराखाली व्होल्टेज अजिबात हलत नाही, ती ऑसिलोस्कोप घेऊन बसणाऱ्या विक्रमवीरांसाठी सोडा. पातळीच्या आकड्यांवर मात्र भरवसा नको: असुसमध्ये मोठा आकडा म्हणजे जास्त कडक, तर अॅझरॉकमध्ये पातळी १ सगळ्यात कडक. बऱ्याच बायोसमध्ये शेजारी छोटा आलेख असतो, तो बघूनच निवडा.

एमएसआयच्या बोर्डावर एसी लोडलाइनचंच काम 'सीपीयू लाइट लोड' करतं. नॉन-के (नावाच्या शेवटी 'के' नसलेल्या) प्रोसेसरवर ऑफसेटचा, म्हणजे व्होल्टेजमध्ये ठरावीक बेरीज-वजाबाकी करण्याचा, पर्याय बहुधा कुलूपबंद असतो, आणि अशा वेळी व्होल्टेज उतरवायला हाच एक मार्ग उरतो. या कुलपामागे एक किस्सा आहे. डिसेंबर २०१९ मध्ये 'प्लंडरव्होल्ट' नावाचा हल्ला उघड झाला, ज्यात मुद्दाम व्होल्टेज पाडून इंटेलच्या सुरक्षित कप्प्यातली गुपितं काढता येत होती. त्यानंतर सॉफ्टवेअरमधून व्होल्टेज उतरवण्यावर निर्बंध आले.

इंटेलवर ऑफसेट

व्होल्टेज लावण्याच्या तीन पद्धती दिसतील. 'फिक्स्ड' किंवा 'ओव्हरराइड'मध्ये एकच आकडा कायम राहतो. रोजच्या मशीनवर तो लावू नका, कारण हलक्या कामातही चिपला तेवढंच व्होल्टेज सोसावं लागतं. 'अडॅप्टिव्ह' मुख्यतः टर्बोच्या टोकावर परिणाम करतो. 'ऑफसेट' फ्रिक्वेन्सी-व्होल्टेजची सबंध वक्ररेषा वर-खाली सरकवतो, आणि आपल्याला तोच हवा.

चिन्ह उणे आहे ना, ते सेव्ह करण्यापूर्वी दोनदा बघा. बायोसमध्ये चिन्हाचा रकाना आकड्याच्या रकान्यापासून वेगळा असतो, आणि ०.१०० व्होल्ट उण्याऐवजी अधिक लागले तर प्रकरण महागात पडतं. सुरुवात उणे ०.०२५ पासून करा. चाचणी घ्या, मग उणे ०.०५०. तिथून पुढे ०.०१० च्या पावलांनी. अस्थिरता दिसली की त्याच्या आधीच्या स्थिर आकड्यावर परत या आणि वर २० मिलिव्होल्ट मोकळे ठेवा. ही मोकळीक उन्हाळ्यासाठी, कूलरवर साचणाऱ्या धुळीसाठी आणि चिपच्या वयासाठी.

हा खटाटोप का करायचा? बदलती पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात जाते. भाराखाली १.३५ चं १.२५ झालं तर त्याच वेगावर ती पॉवर साधारण १४ टक्क्यांनी उतरते. उष्णता कमी झाली की गळती करंटही (कामाला न येता वाया जाणारा) घटतो.

एक फसवा प्रकार इथे भेटतो. व्होल्टेज उतरवलं, तापमान मस्त खाली आलं, फ्रिक्वेन्सी पूर्वीइतकीच दिसते, पण सिनेबेंचचे गुण पडले. याचा अर्थ 'आयए सीईपी' ही संरक्षण यंत्रणा जागी झाली आहे. मागितलं त्यापेक्षा व्होल्टेज कमी मिळतंय हे पाहून तिनं क्लॉक आतल्या आत ताणला, म्हणजे प्रत्यक्ष वेग उतरवला. इफेक्टिव्ह क्लॉकचा रकाना हे लगेच उघडं पाडतो. अनेक जण सीईपी बंद करायला सांगतात. माझं मत वेगळं आहे: आधी एसी लोडलाइन थोडी वर घ्या आणि तेवढी कपात ऑफसेटमधून करा.

आकड्यांची कमाल मर्यादा हवीच असेल तर १३व्या-१४व्या पिढीसाठी मी जड, सलग भाराखाली १.३५ व्होल्टच्या वर जाणार नाही, आणि हलक्या कामातली शिखरं १.४५ च्या आसपास थांबली तर समाधान मानीन. हा माझा अंदाजी कुंपणाचा आकडा आहे, इंटेलचा नाही.

रायझनवर कर्व्ह ऑप्टिमायझर

झेन ३ (रायझन ५००० मालिका) पासून पुढच्या रायझनवर ऑफसेटच्या नादी लागू नका. एएमडी ओव्हरक्लॉकिंग, तिथून प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह, 'अॅडव्हान्स्ड', आणि मग कर्व्ह ऑप्टिमायझर असं आत जा. इथला आकडा व्होल्टमध्ये नसतो. एक टप्पा म्हणजे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट. 'ऑल कोअर्स', 'निगेटिव्ह', १० इथून सुरुवात करा, मग १५, मग २०. सगळ्यांना उणे ३० लावून 'माझी चिप भारी' म्हणणारे पुष्कळ भेटतील. त्यांनी प्रत्येक कोअर वेगळा तपासलाय का, ते विचारा.

कोअर एकसारखे नसतात. ज्यांना कारखान्यातच 'उत्तम' ठरवलंय, त्यांच्या वक्ररेषेत आधीच फार मोकळीक ठेवलेली नसते. त्यामुळे उत्तम कोअरला उणे १० सोसत नाही आणि सुमार कोअर उणे ३० वरही हसत चालतो, असं उफराटं चित्र दिसतं. 'कोअरसायक्लर' ही मोफत स्क्रिप्ट एकेका कोअरवर आळीपाळीनं प्राइम९५ हा ताण देणारा प्रोग्राम चालवते आणि कोणता चुकला ते सांगते. उणे २० वर कोअर ३ चुकला तर फक्त त्याला उणे १५ वर आणा, बाकीच्यांना हात लावू नका.

रायझन ५००० वर हलक्या कामात १.४५ ते १.५ व्होल्ट दिसलं म्हणून घाबरू नका. करंट कमी असताना चिप स्वतःच तिथे जाते आणि भार वाढला की खाली येते. तेच १.४५ सगळ्या कोअरना 'फिक्स्ड' लावणं मात्र चिपचा जीव घेणं आहे.

रायझन ७००० आणि पुढच्यांत एसओसी व्होल्टेज वेगळं तपासा. एक्स्पो लावल्यानंतर एचडब्ल्यूइन्फोमध्ये ते १.३० च्या खाली आहे ना, ते पाहा. डीडीआर५-६००० मेमरीसाठी बऱ्याच चिपना १.२० ते १.२५ पुरतं. ऑटोवर ते काठाला टेकलेलं दिसलं तर हातानं उतरवा आणि मेमरीची चाचणी पुन्हा घ्या.

चाचणी

प्राइम९५ तासभर चाललं म्हणजे झालं, ही समजूत सोडा. त्याच्या स्मॉल एफएफटी नावाच्या चाचण्या सगळ्या कोअरना तापवतात, पॉवर लिमिट गाठली जाते, फ्रिक्वेन्सी उतरते आणि कोअर वक्ररेषेच्या मधल्या, सुरक्षित भागात चालतात. व्होल्टेज उतरवलेलं मशीन कोसळतं ते वक्ररेषेच्या टोकावर, एकटा कोअर कमाल वेगावर गेला असताना, म्हणजे तुम्ही नुसतं पान वर सरकवत असताना. तापमान बघायला प्राइम९५ ठीक आहे. तिथे चिपनं स्वतःच्या मर्यादेला, म्हणजे इंटेलच्या या पिढ्यांत १०० अंशांना आणि बहुतेक रायझन ७००० मध्ये ९५ अंशांना, सतत टेकून राहू नये.

त्यानंतर वाय-क्रंचर किंवा ओसीसीटी हे ताण-चाचणीचे प्रोग्राम बदलत्या भारावर चालवा, कारण भार चढता-उतरताना होणारी उलथापालथ तिथे पकडली जाते. रात्री कोअरसायक्लर लावून झोपा. ७-झिपची अंगभूत चाचणी आणि एखादी मोठी फाइल उलगडून बघणं इंटेलवर विशेष उपयोगाचं. मग मशीन स्लीपमध्ये टाकून उठवा, थंड अवस्थेतून सुरू करा, दिवसभर साधं वापरा आणि संध्याकाळी इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए १९ ची नोंद आली का ते बघा. मशीन पडलं नसलं तरी ही नोंद म्हणजे नापास.

एका वेळी एकच सेटिंग बदला. ऑफसेट, एलएलसी आणि मेमरी एकाच दमात बदलून मशीन पडलं तर काय कळणार? मशीन सुरूच झालं नाही तर पॉवरची वायर काढा आणि सीएमओएस (बायोसच्या सेटिंग जतन करणारी मेमरी) साफ करा: बोर्डावरच्या जंपरनं, मागच्या बटणानं किंवा सीआर२०३२ सेल काही मिनिटं बाहेर ठेवून. कोणता मार्ग तुमच्या बोर्डावर आहे ते चाचण्या सुरू करण्यापूर्वीच शोधून ठेवा.

चिप आधीच झिजली असेल तर

नवा बायोस, कंपनीच्या मूळ मर्यादा, मेमरी मूळ वेगावर, ऑफसेट शून्य, आणि तरीही शेडरच्या टप्प्यावर गेम पडतो. मग टर्बो गुणक (कोअरचा वेग ठरवणारा आकडा) ५७ असेल तर तो ५५ किंवा ५४ करून बघा. वेग उतरवताच मशीन शहाण्यासारखं वागलं तर चिपची किमान गरज वर सरकली आहे. व्होल्टेज वाढवूनही ती काही महिने चालेल, पण तो मार्ग धरू नका. इंटेलनं बाधित १३व्या-१४व्या पिढीच्या डब्यात मिळणाऱ्या प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवलेली आहे. गुणक कमी ठेवून काम चालू ठेवा आणि दावा दाखल करा. तयार मशीन घेतलं असेल तर ते बनवणाऱ्याकडे जावं लागतं. दाव्यासोबत मायक्रोकोडचा क्रमांक, डब्ल्यूएचईएच्या नोंदी आणि मूळ सेटिंगवर मशीन पडल्याचा स्क्रीनशॉट जोडा, कारण 'डिफॉल्टवर आणून बघा' हा त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो.

बदली चिप आली की जुनं बायोस प्रोफाइल तिच्यावर चढवू नका. उणे ८० मिलिव्होल्ट सोसणं हा त्या जुन्या चिपचा गुण होता. नवी कदाचित उणे ३० वरच थांबेल, म्हणून डिफॉल्टपासून पुन्हा सुरू करा. बायोस अपडेट केल्यावरही जतन केलेली प्रोफाइल बहुधा पुसली जातात किंवा जुळत नाहीत, तेव्हा सेटिंगच्या पानांचे फोटो फोनमध्ये असू द्या.